मशीन कोणाचं? (मुरबाडच्या एका छपाईयंत्राच्या निमित्ताने)

१६७४ साली, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, मुंबईला एक छापखाना येऊन पोचला. मागवला होता भीमजी पारेख या सुरतेच्या व्यापाऱ्याने. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल, पैसेवाले आणि हौशी. जुन्या पोथ्या छापाव्यात असं त्यांच्या मनात होतं. कंपनीने विलायतेहून यंत्र, इंग्रजी टाइप, कागद आणि हेन्री हिल्स नावाचा एक छपाईवाला पाठवला. पगार वर्षाला ५० पौंड. म्हणजे आपल्या भाषेत हार्डवेअर आलं, कन्झ्युमेबल्स आले, ऑपरेटरसुद्धा ऑनसाइट आला. आणि तरीही प्रोजेक्ट बोंबललं.

का? तर हिल्ससाहेबांना छापता येत होतं, पण अक्षरं पाडता येत नव्हती. आपल्याकडच्या लिपीचे ठसे कोरायचे, साचे करायचे, धातू ओतायचा हे काम वेगळ्या कारागिराचं, आणि तो काही बोटीवर नव्हता. भीमजींनी मग स्वतःची माणसं लावून टाइप पाडून पाहिले. नमुने बरे निघाले असं सुरतेच्या कंपनीवाल्यांनीच लिहून ठेवलंय. पण अनुभव नसल्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही फार जायला लागले. शेवटी पोथ्या काही छापल्या गेल्या नाहीत. यंत्र होतं, यंत्राचा भाग नव्हता.

साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मला एरवी आठवली नसती. पण गेली दोनेक वर्षं माझे बरेच शनिवार-रविवार मुरबाडला जातात. माझा मावसभाऊ (मोठा आहे, म्हणून आमच्या घरात सगळे त्याला दादाच म्हणतात) तिथल्या एमआयडीसीत टी-शर्ट छापणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. तिथलं मशीन बघता बघता माझी खात्री पटली की आपल्याकडच्या छपाईचा इतिहास हा लेखक-संपादकांचा जेवढा आहे, तेवढाच सुट्या भागांचा आहे. तो कोणी फारसा लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

*

आधी मशीन काय असतं ते थोडक्यात. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे खरं तर अगदी सोपी गोष्ट. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, नको तिथली भोकं बुजवलेली, वरून शाई टाकायची आणि रबराच्या पट्टीने ओढायची. उघड्या भोकांतून शाई खालच्या कपड्यावर उतरते. या पट्टीला सगळीकडे स्क्वीजी म्हणतात. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट, सगळं यातूनच. शहापूर-मुरबाडकडे तुम्हाला एका खोलीत, एका टेबलावर हा धंदा करणारी माणसं अजून भेटतील.

जपानमध्ये कागदी साचे वापरून कापड छापण्याची कला जुनी आहे. साच्याचे सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून ते केसांनी नाहीतर रेशमाच्या धाग्यांनी बांधत. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ साली रेशमी जाळीच्या छपाईचं पेटंट घेतलं. पुढे रेशीम जाऊन नायलॉन, पॉलिएस्टर आलं. आपल्या धंद्याशी याचं एक नातं आहे, ते फार जणांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांसाठी जो प्रॉक्सिमिटी फ्यूज बनवला, त्याच्या एका प्रकारात चिनीमातीच्या छोट्या वड्यांवर चांदीच्या शाईने सर्किटं छापली होती, तीही स्क्रीन प्रिंटिंगनेच. तेव्हा ज्या बोर्डांच्या जिवावर आपली पगारपत्रकं निघतात, त्यांचा एक पूर्वज जाळी आणि रबरी पट्टीच आहे :)

हातटेबलावर एकावर एक रंग छापायचे तर वेळ जातो. १९६०च्या सुमारास अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन याने गोल फिरणारं अनेक रंगांचं मशीन बनवलं. मूळ हेतू बोलिंग खेळणाऱ्यांच्या कपड्यांवर टीमची नावं छापण्याचा होता. पण खरं नशीब काढलं टी-शर्टने. १९६९ साली त्याला पेटंट मिळालं आणि आजची सगळी ऑटोमॅटिक मशीनं त्याच कल्पनेची नातवंडं आहेत.

दादाच्या कारखान्यातलं मशीन म्हणजे एक मोठा चक्री पाळणा समजा. मधोमध खांब, त्याला चहूबाजूंनी हात, प्रत्येक हातावर एक फळी, म्हणजे पॅलेट. फळीवर टी-शर्ट चढवायचा, पाळणा एक घर पुढे सरकतो, थांबतो, लॉक होतो, फळ्या वर उचलल्या जातात, वरच्या हेडमधली स्क्वीजी एक ओढ मारते, फळ्या खाली, लॉक सुटतो, पुन्हा एक घर पुढे. मध्ये एखाद्या घरात दिवे लावून शाई अर्धवट सुकवायची. शेवटी पट्ट्यावरून भट्टीत, तिथे साधारण १६० अंशाला शाई पक्की होते. हातटेबलावर दिवसभरात होईल ते काम हे मशीन तासा-दीड तासात उरकतं.

आता यात झिजतं काय? यादी दादाला तोंडपाठ आहे. स्क्वीजीचं रबर. एअर सिलिंडरचे सील आणि ओ-रिंग. सोलेनॉइड व्हॉल्व्ह. हवेच्या नळ्या. भट्टीचा पट्टा. पाळणा नेमक्या जागी थांबवणाऱ्या लॉकचे बुश आणि पिना. जागा ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर. आणि सगळ्यात शेवटी कंट्रोल पॅनल.

पावसाळ्यात यादी वाढते. मुरबाडचा पाऊस तुम्ही माळशेजला भिजायला जाता तेव्हा बघितला असेलच. तो आवडण्यासाठी आपला कॉम्प्रेसर नसावा लागतो. हवेबरोबर पाणी लाइनीत शिरतं, व्हॉल्व्ह आतून गंजतात, सिलिंडर अडकत अडकत चालायला लागतात. जाळीवरचं इमल्शन वाळता वाळत नाही. "जूनमध्ये रोज सकाळी आधी टाकीतलं पाणी काढायचं, मग चहा प्यायचा," हा दादाने तिथल्या आयटीआयच्या पोरांना घालून दिलेला नियम आहे.

*

आता पुन्हा मागे जाऊ. भीमजींच्या फसलेल्या छापखान्यानंतर मुंबईत मराठी छपाई बसायला फार वर्षं गेली. १८१७ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत मराठी पुस्तिका छापली. त्यासाठी टाइप आणावे लागले थेट कलकत्त्याहून. तिकडे अक्षरं पाडणारे कारागीर तयार झाले होते, पंचानन कर्मकार आणि त्यांची पुढची पिढी. इकडे नव्हते.

याच मिशनच्या छापखान्यात गणपत कृष्णाजी नावाचा एक माणूस काम करत होता. शिळाछाप म्हणजे दगडावरची छपाई त्याने तिथे पाहिली आणि आपणही आपली पुस्तकं छापावीत असं त्याच्या मनाने घेतलं. पैसा नाही, यंत्र नाही. पुढे त्याने काय केलं ते गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये नोंदवून ठेवलंय. त्याने स्वतः लाकडाचं यंत्र तयार केलं, चालेल असा दगड शोधला, शाई घरीच करून पाहिली, आणि १८३१ साली पंचांग छापून काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील ग्रंथाला हात लावेनात, तर त्याने तूप घालून शाई केली म्हणे. पुढे लोखंडी यंत्र आलं, खिळ्यांचे टाइप आले, तेही त्याने स्वतः पाडले.

लोक गणपत कृष्णाजींना 'पहिला मराठी छापखानेवाला' म्हणतात. मला विचाराल तर ते पहिले मेंटेनन्सवाले. यंत्र, दगड, शाई, टाइप, यातली एकही गोष्ट बिघडली तर त्यांना बोटीची वाट बघायची गरज नव्हती.

पुढचा माणूस जावजी दादाजी. हेही लहानपणी त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. टाइप ही छापखान्याची खरी झिजणारी वस्तू. शिशाचं अक्षर, रोज दाब खाणारं. काही काळाने कडा बोथट होतात, वेलांट्या तुटतात आणि नवा संच लागतो. जावजींनी १८६४ साली टाइप पाडण्याचा कारखाना काढला. छापखाना नंतर, १८६९ साली. तोच निर्णयसागर. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे अक्षरांचे ठसे कोरत. आपण निर्णयसागर म्हटलं की पंचांग आणि संस्कृत ग्रंथ आठवतो, पण क्रम बघा. आधी सुट्या भागांचा कारखाना, मग छापखाना. आणि ते टाइप ते फक्त स्वतःपुरते ठेवत नव्हते, दुसऱ्या छापखान्यांनाही विकत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव मराठी छापखाने निघू शकले, त्यामागे टाइप मुंबईत मिळत होता हे एक मोठं कारण आहे असं माझं मत.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रं छापण्याचा छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. चित्रं घराघरात पोचली, पण छापखान्याचं कर्ज काही फिटेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो विकावा लागला. घेतला कोणी? तिथल्याच एका जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायशर यांनी. कर्ज, प्लेग वगैरे कारणं होतीच. पण ज्याची चित्रं होती तो बाहेर गेला आणि ज्याला मशीन कळत होतं तो मालक झाला, हे मला फार बोलकं वाटतं.

*

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून रस्त्याने यायचं. त्यामुळे इथे सुटा भाग म्हणजे आधी प्रवास. दादाच्या हिशोबात भागांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात बाजारात मिळणारी. बेअरिंग, बेल्ट, ओ-रिंग, एअर सिलिंडर, व्हॉल्व्ह. यांची मापं प्रमाणित असतात, त्यामुळे मशीन कुठल्याही देशाचं असो, आकडा सांगितला की काम होतं. कल्याणला मिळालं तर ठीक, नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीट. त्या गल्लीत एकदा जाऊन याच. दहा बाय दहाच्या दुकानात शेठ बसलेला असतो आणि तुम्ही खिशातून तुटका सील काढून दाखवला की न मोजता माप सांगतो.

दुसरी जात बनवून घ्यायची. लॉकचे बुश, पिना, फळ्यांचे ब्रॅकेट. यासाठी दादा शहापूरला जातो. तिथे त्याचा एक ठरलेला लेथवाला आहे, साठी उलटलेला. बुश झिजून केसभर ढिला झाला तरी पाळणा दर वेळी थोडा वेगळ्या जागी थांबतो आणि चार रंगांचं चित्र असेल तर चेहऱ्याचे ओठ गालावर जातात. काका जुना बुश हातात घेतात, व्हर्नियर लावतात आणि विचारतात, "मूळ माप देऊ की तुझ्या शाफ्टच्या मापाने देऊ?" कारण शाफ्टही झिजलेली असते. परदेशातून मूळ भाग मागवला तर तो नव्या शाफ्टच्या मापाचा येणार, आणि पुन्हा ढिलाच बसणार. हा प्रश्न कॅटलॉगला पडत नाही, काकांना पडतो.

काका मुंबईत एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये शिकले. मुंबईतल्या गिरण्यांची यंत्रं लँकेशायरची. तिकडून सुटे भाग यायचे महिनोन्महिने. त्यामुळे गिरण्यांनी स्वतःची वर्कशॉपं ठेवली आणि फिटर-टर्नरांच्या पिढ्या त्यात घडल्या. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तो रीतसर संपलाच नाही. कापड गेलं, जमिनींवर टॉवर आले, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. वर्कशॉपातली माणसं कुठे गेली यावर कमी. काही कल्याण-उल्हासनगरला गेली, काही गावी परतली. काका शहापूरला परतले, लेथ टाकलं. आज मुरबाडचं मशीन चालतंय ते काही अंशी लालबाग-परळच्या शिल्लक राहिलेल्या ज्ञानावर.

तिसरी जात म्हणजे जी बाजारात मिळत नाही आणि बनवताही येत नाही. इथे खरी गोची.

*

मशीन सेकंडहँड, तिरुपूरच्या एका व्यापाऱ्याकडून आलेलं. तिकडे होजिअरीचा मोठा धंदा, त्यामुळे जुन्या मशीनांचाही बाजार आहे. मूळ बनवणारी परदेशी कंपनी केव्हाच दुसऱ्या कोणीतरी विकत घेतलेली. एका दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद होता. भाऊबीज झाल्यावर मेन स्विच टाकला, तर पॅनलचे दिवे लागले आणि मशीन ढिम्म.

यांत्रिक काहीच बिघडलं नव्हतं. मशीनचा पीएलसी जुन्या पद्धतीचा. त्यातला प्रोग्राम मेमरीत टिकून राहतो तो एका लिथियम सेलच्या जोरावर. वीज चालू असेपर्यंत सेल मेला तरी कळत नाही (एक छोटा लाल दिवा लागतो, तो बंद कपाटाच्या आत!). वीज गेली आणि सेलही मेलेला असला की प्रोग्राम पुसला जातो. दोन-तीनशे रुपयांचा सेल आणि टनभर लोखंडाचं भंगार.

बॅकअप? नव्हता. नव्या मालक कंपनीला मेल केली. उत्तर आलं की त्या मॉडेलला सपोर्ट नाही, नवं कंट्रोल पॅनल घ्या. किंमत ऐकून मालकाने मशीन विकायचं बोलायला सुरुवात केली. इथे प्रश्न फक्त मालकाचा नव्हता. फळ्यांवर टी-शर्ट चढवायला-उतरवायला आसपासच्या पाड्यांवरच्या बाया येतात, त्यांना नगावर पैसे मिळतात. मशीन बंद म्हणजे मजुरी शून्य. पहिल्या आठवड्यात त्या रोज येऊन बसत, दुसऱ्या आठवड्यात निम्म्याच आल्या.

दादाने मला फोन केला. "अरे, तू कोड लिहितोस ना? मग हा लिही."

मी बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो, पीएलसी कधी बघितला नव्हता. पण खरं ज्ञान माझ्याकडून लागणारच नव्हतं. आम्ही दोघं वहीपेन घेऊन बसलो आणि मशीन कसं चालायचं ते दादाने डोळे मिटून सांगितलं. सरकतं, थांबतं, लॉक होतं, मग उचलतं. लॉकचा सेन्सर 'हो' म्हणाल्याशिवाय उचलायचं नाही. फळ्या वर असताना काही झालं तरी सरकायचं नाही, नाहीतर स्क्रीन फाटतील, आणि एखादीचा हात मध्ये असला तर... तो पुढचं बोलला नाही. कोणीतरी गार्ड उघडलं की सगळं तिथल्या तिथे थांबायचं. इतकी स्वच्छ स्पेसिफिकेशन मला कुठल्याही क्लायंटने दिलेली नाही. तारा कुठून कुठे जातात ते शोधायला एक शनिवार-रविवार, बाजारात सहज मिळणारा नवा पीएलसी बसवून प्रोग्राम लिहायला आणि रिकाम्या फळ्यांवर तपासायला दुसरा. थांबवण्याच्या बटणाची आणि गार्डची वायरिंग तेवढी आम्ही कोडच्या भरवशावर ठेवली नाही, ती एका जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळी करून घेतली. बंद पडल्यापासून विसाव्या दिवशी पहिला टी-शर्ट निघाला.

*

आता तिसऱ्या जातीबद्दल. भीमजींच्या काळी नसलेला भाग होता अक्षर. आज नसलेला भाग आहे प्रोग्राम. फरक एवढाच की अक्षर कोरायला वर्षं लागायची, आणि प्रोग्राम कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेला असतो, फक्त तो तुम्हाला द्यायचा नसतो. बरेचदा पासवर्ड लावलेला असतो. म्हणजे मशीनचे पैसे तुम्ही दिलेत, पण ते दुरुस्त करायची मुभा नाही.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या शेवटी एक पोर्टलही काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहनं असे चार गट घेतले. चांगलं आहे. पण मुरबाडच्या शेडमधलं छपाईयंत्र या चारांत कुठेच बसत नाही. सेकंडहँड यंत्रं घेऊन धंदा करणाऱ्या लहान कारखान्यांना आजही कंपनी देईल ते आणि सांगेल ती किंमत.

तोवर काय करायचं? दादाने जे केलं ते साधं आहे. त्याच्या वहीत आता प्रत्येक बुश-पिनेचं चित्र मापासकट आहे. प्रोग्राम दोन पेनड्राइव्हवर आणि कागदावर छापून फाइलला लावलाय, प्रत्येक ओळीपुढे मराठीत अर्थ लिहून. सेल बदलायची तारीख पॅनलच्या दारावर रंगवलेली आहे (स्क्रीन प्रिंटिंगने, अर्थातच). आणि आयटीआयमधून आलेल्या दोन पोरांपैकी एकाला तो दर महिन्याला शहापूरला काकांकडे पाठवतो, बुश आणायला नाही, करायला शिकायला. काकांचे डोळे आता साथ देत नाहीत आणि त्यांच्या मुलांना लेथमध्ये रस नाही. त्यांच्या हातातलं ज्ञान कुठल्याच पेनड्राइव्हवर मावणारं नाही, हे दादाला माझ्या आधी कळलं होतं.

तुमच्यापैकी बहुतेकांचं आयुष्य माझ्यासारखंच कीबोर्डवर जातं. पण तुमच्याही कोणा काका-मामाचा, मित्राचा असा एखादा कारखाना असेल. शिरवळला, सिन्नरला, कुडाळला. पुढच्या वेळी गेलात की जेवण झाल्यावर एक प्रश्न विचारा, मशीनच्या प्रोग्रामचा बॅकअप आहे का? उत्तर 'म्हणजे काय?' असं आलं, तर त्या रविवारचं काम तुम्हाला मिळालं असं समजा.